मुक्त झालेली संहिता आणि पुनर्निर्मितीची जबाबदारी

(१)

साहित्यकृतीवरील स्वामित्वहक्काची मुदत संपणे ही कायद्याच्या दृष्टीने एका तारखेची गोष्ट आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत जी कृती वारसांच्या अनुमतीवाचून छापता येत नव्हती, तिचे रूपांतर करता येत नव्हते, तीच १ जानेवारीपासून कोणालाही छापता येते, रंगभूमीवर आणता येते, तिच्यावरून चित्रपट काढता येतो. साहित्याच्या दृष्टीने ही घटना इतकी सरळ नाही. कृती मोकळी झाली म्हणजे नेमके काय मोकळे झाले, तिचा सर्जनशील वापर कोणत्या अर्थाने नवनिर्मिती ठरतो आणि या वापरात मूळ संहितेचे काय होते, हे प्रश्न त्या तारखेनंतरच उभे राहतात. प्रस्तुत लेखात मराठीतील काही उदाहरणांच्या आधारे या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

'सार्वजनिक मालकी' हा रूढ शब्दप्रयोग येथे थोडा फसवा आहे. मालकी म्हटली की मालक आला. परंतु मुदत संपलेल्या कृतीला मालकच नसतो. गावच्या गायरानाशी तिची तुलना अधिक समर्पक ठरेल. गायरान कोणा एकाचे नसते, म्हणूनच ते राखण्याची काळजी सर्वांनी घ्यावी लागते. एरवी त्यावर अतिक्रमण होते. मुक्त झालेल्या संहितेच्या बाबतीत हे अतिक्रमण जमिनीवर नव्हे, शब्दांवर होते, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

(२)

प्रथम कायद्याची चौकट पाहू. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ चा असून तो जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यानुसार वाङ्मयीन कृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ५० वर्षे टिकत असे. ही मुदत पुढे ६० वर्षांची झाली. त्यामागील निमित्त रवींद्रनाथ ठाकुरांचे होते. त्यांचा मृत्यू १९४१ चा. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होते. ते संपू नयेत म्हणून डिसेंबर १९९१ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९९२ मध्ये त्याला अधिनियमाचे रूप मिळाले.

मराठीच्या अभ्यासकाने येथे एका योगायोगाची नोंद घ्यावी. भा. रा. तांबे यांचाही मृत्यू १९४१ च्या डिसेंबरातला. बंगालीतील एका महाकवीसाठी केलेल्या दुरुस्तीने मराठीतील या गीतकवीची कविताही आणखी दहा वर्षे, म्हणजे २००१ च्या अखेरपर्यंत, बांधलेली राहिली. मुदत किती असावी हा निर्णय अशा रीतीने एका लेखकाच्या निमित्ताने होतो आणि त्याचा परिणाम सर्व भाषांतील सर्व लेखकांवर होतो.

मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब निराळा आहे. तेथे मुदत मृत्यूपासून न मोजता प्रथम प्रकाशनापासून मोजली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०१७ च्या आरंभी मोकळे झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मुळात इंग्रजीत १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्याची मुदत २०१७ च्या अखेरीस संपली. 'रिडल्स इन हिंदुइझम' हे हस्तलिखित महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतून १९८७ मध्ये प्रथम छापले गेले. ते २०४७ च्या अखेरपर्यंत मोकळे होत नाही. एकाच लेखकाचे लेखन असे निरनिराळ्या तारखांना मुक्त होते. 'अमुक लेखक आता मुक्त झाला' हे विधान म्हणूनच सैल आहे. मुक्त होते ते लेखन, तेही एकेक कृती घेऊन, आणि पुढे आपण पाहणार आहोत त्याप्रमाणे, पुष्कळदा एकेक थर घेऊन.

(३)

थर हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्याचे उत्तम उदाहरण होय. गडकऱ्यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी झाला आणि गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक त्यानंतर त्याच वर्षी रंगभूमीवर आणले. नाटकाचे गद्य गडकऱ्यांचे. पदे मात्र वि. सी. गुर्जर यांची. गडकऱ्यांच्या गद्यावरील हक्क तेव्हाच्या ५० वर्षांच्या मुदतीनुसार १९७० च्या आरंभी संपुष्टात आले होते. गुर्जरांचा मृत्यू १९६२ चा. त्यांच्या पदांवरील मुदत २०२२ च्या अखेरीस संपली. याचा अर्थ असा की, सुमारे ५३ वर्षे या नाटकाचा एक थर मोकळा आणि दुसरा बांधलेला होता. ज्याला आपण एक कृती म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने दोन कृती होत्या.

ही केवळ कायदेशीर बारकाव्याची बाब नाही. 'एकच प्याला'च्या आकलनाशी तिचा थेट संबंध आहे. बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका केली आणि पदांचा मोठा भार सिंधूवर पडला. प्रयोगाचे भावकेंद्र त्यामुळे सिंधूच्या सोशिकतेकडे झुकले. उलट, पदे बाजूला ठेवून गडकऱ्यांचे गद्य सलग वाचले तर नाटक सुधाकराच्या अधःपाताचे आहे हे स्पष्ट होते. भर कचेरीत झालेला अपमान, सनद गमावल्यानंतरचे त्याचे वैफल्य, मद्याविषयीची त्याची दीर्घ भाषणे आणि तळीरामाच्या आर्यमदिरा मंडळाचा विनोद यांतून दिसते ती स्वतःच्या बुद्धीच्या अभिमानाने पोखरलेल्या पुरुषाची कथा. सिंधू या कथेत आहे, पण कथा तिच्यापुरती नाही. 'एकच प्याला' सिंधूचे की सुधाकराचे, हा वाद आपल्या समीक्षेत वेळोवेळी आला आहे. त्याची एक मुळी संहितेच्या या द्विकर्तृत्वात आहे असे म्हणता येईल.

आता दोन्ही थर मोकळे आहेत. या नाटकावरून नवी कृती करू पाहणाऱ्या लेखकासमोर परवानगीचा प्रश्न उरलेला नाही, पण निवडीचा प्रश्न उरला आहे. पदांसह घ्यावे तर त्याने १९१९ च्या प्रयोगाचा वारसा स्वीकारला. गद्यच घ्यावे तर गडकऱ्यांच्या संहितेचा. ही निवड अजाणता झाली तर पुनर्निर्मिती मूळ कृतीशी बोलत नाही, केवळ तिच्या कीर्तीचा आधार घेते.

खाडिलकरांच्या 'मानापमान'बाबतही असेच थर दिसतात. नाटक १९११ चे. नाटककार कृ. प्र. खाडिलकर यांचे निधन १९४८ मध्ये झाले, संगीतकार गोविंदराव टेंबे यांचे १९५५ मध्ये. संहिता आणि पदांचे शब्द २००९ च्या आरंभी मोकळे झाले, चाली २०१६ च्या आरंभी. ध्वनिमुद्रिकांचा हिशेब याहून स्वतंत्र असून तो त्यांच्या प्रकाशनवर्षापासून होतो. जानेवारी २०२५ मध्ये या नाटकावर आधारित चित्रपट आला, त्यात शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या चाली दिल्या. तोवर टेंब्यांच्या चालीही मोकळ्या झालेल्या असल्याने नवे संगीत ही सक्ती नव्हती, ती निवड होती. अशा निवडीचे मूल्यमापन करताना समीक्षकाला 'जुने बरे की नवे बरे' एवढ्यावर थांबता येत नाही. धैर्यधर आणि भामिनी यांच्यातील मानाचा आणि अपमानाचा खेळ नव्या चालीत कोणत्या स्वरूपात उरतो, हा खरा प्रश्न आहे.

(४)

जुन्या कृतीवरून नवी कृती करणे हे मराठी साहित्याला नवे नाही. किंबहुना आपले प्राचीन साहित्य बहुतांशी असेच घडले. मुक्तेश्वरांचे महाभारत, वामन पंडितांची 'यथार्थदीपिका', रघुनाथ पंडितांचे 'दमयंतीस्वयंवर', मोरोपंतांचे 'आर्याभारत' आणि त्यांची अष्टोत्तरशत रामायणे यांपैकी एकाही कृतीचे कथानक किंवा तत्त्वविचार कवीच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता. स्वामित्वहक्काची कल्पनाच नसलेल्या त्या काळात कर्तृत्वाची कल्पना मात्र पक्की होती. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा हे तिचे चिन्ह होय.

या परंपरेत पुनर्निर्मितीचा सर्वांत नेमका विवेक एकनाथांच्या ठिकाणी दिसतो. नाथांनी 'भावार्थ रामायण' रचताना, 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिताना, भागवताच्या एकादश स्कंधावर टीका करताना मुळात भर घातली, विस्तार केला, आपल्या काळाचे आणि पैठणच्या परिसराचे तपशील आणले. त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या वेळेपर्यंत पाठात अनेक अपपाठ शिरले होते. ते दूर करताना त्यांनी स्वतःची एकही ओवी आत घालायची नाही हे पथ्य पाळले. एवढेच नव्हे, तर पुढे कोणी तशी घालू नये असा कडक इशाराही ग्रंथाच्या अखेरीस देऊन ठेवला.

येथे एकाच लेखकाचे दोन व्यवहार आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेले नाहीत. रामकथेवर नवे काव्य रचताना ते कवी आहेत, तेथे स्वातंत्र्य पूर्ण आहे. ज्ञानेश्वरीची प्रत सिद्ध करताना ते संपादक आहेत, तेथे स्वातंत्र्य शून्य आहे. आपल्या काळातील 'मुक्त' कृतींना लावावयाचा निकष याहून चांगला सापडणे कठीण. जुन्या कृतीचे कोणी काहीही करावे. फक्त जे केले ते स्वतःच्या नावावर करावे, मूळ लेखकाच्या नावावर नव्हे.

(५)

नवनिर्मितीच्या बाजूची दोन भिन्न उदाहरणे पाहणे येथे उद्बोधक ठरेल.

पहिले उदाहरण गो. ब. देवलांचे. 'संशयकल्लोळ' १९१६ चे; त्याचे आधीचे गद्यरूप 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' १८९३ चे. त्याचा आधार आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराची अठराव्या शतकातील सुखात्मिका, आणि मर्फीचा आधार मोलियेरचे १६६० मधील 'स्गानारेल'. दोन शतके आणि तीन भाषा ओलांडून एक तसबीर तेवढी टिकून राहिली. एकीच्या हातून पडलेली तसबीर दुसरीच्या हाती लागते आणि दोन जोडप्यांत संशय पेटतो. ही यंत्रणा देवलांनी जवळजवळ तशीच घेतली. परंतु पात्रांना नक्षत्रांची आणि महिन्यांची नावे देऊन (फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेठ, रेवती, भादव्या) त्यांनी ही मंडळी एका स्वतंत्र विनोदी विश्वात नेऊन बसवली. त्याहून महत्त्वाचा बदल रेवतीचा. देवलांची रेवती कलावंतिणीच्या घरातली आहे आणि आश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचे आहे. संशयाच्या जुन्या खेळाला त्यामुळे एक नवा ताण मिळतो. कुलीन समजल्या जाणाऱ्या घरात कृत्तिकेवर घेतला जाणारा संशय आणि जिच्यावर संशय घेणे समाजाला स्वाभाविकच वाटते त्या रेवतीची निष्ठा या दोन गोष्टी शेजारी येतात. मूळ रचनेत नसलेला हा अर्थ महाराष्ट्रातील त्या काळच्या समाजस्थितीने पुरवला. रूपांतर हे नवनिर्मिती केव्हा ठरते, याचे उत्तर येथे मिळते. उसन्या यंत्रणेला स्थानिक वास्तव भिडले आणि त्या भेटीत दोन्हींचा अर्थ बदलला, की रूपांतर स्वतंत्र होते.

दुसरे उदाहरण सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे' (१९७९) या नाटकाचे. येथे जुन्या कृतीचे रूपांतर केलेले नाही. जुन्या रंगभूमीचे अवशेष नव्या नाटकात आणलेले आहेत. एकेकाळी किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता श्यामरावांच्या ताब्यात राहून उदबत्त्या विकणारा बर्वे संगीत नाटकांतील पदांच्या आधारावर जगतो. जावडेकर आणि बावडेकर हे कारकून त्याच्या स्वप्नात ओढले जातात आणि स्वप्न व वास्तव यांची सीमा पुसली जाते. पदांचे शब्द बदललेले नाहीत, त्यांचे विडंबनही केलेले नाही. बदलली आहे ती त्यांची जागा. वैभवशाली रंगमंचावर ज्यांनी शृंगार आणि प्रतिष्ठा निर्माण केली त्याच पदांमागे आता दारिद्र्य, एकाकीपण आणि अपुऱ्या इच्छा उभ्या राहतात. लक्षात घ्यावे की, १९७९ मध्ये किर्लोस्कर आणि देवल यांची पदे कायद्याने मोकळी होती, खाडिलकरांची नव्हती. प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र असा भेद नव्हता; तेथे ही सगळी पदे केव्हाच सर्वांची झाली होती. कायद्यातील सार्वजनिकता आणि संस्कृतीतील सार्वजनिकता या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत हे यावरून स्पष्ट होते.

देवलांनी यंत्रणा ठेवली आणि शब्द बदलले. आळेकरांनी शब्द ठेवले आणि संदर्भ बदलला. दोघांनीही जुन्याचे वाचन केले आहे. समर्थ पुनर्निर्मिती ही अशी मूळ कृतीवरील समीक्षाच असते. फक्त ती निबंधाच्या रूपात नसते.

(६)

आता दुसरी बाजू. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' गुरुजींच्या १९५० मधील मृत्यूनंतर ६० वर्षांनी, २०११ च्या आरंभी मोकळी झाली. अनेक प्रकाशकांनी ती छापली. हे स्वागतार्हच होते. स्वस्त प्रतींमुळे पुस्तक पुष्कळ घरांत पोहोचले. २०२३ मध्ये त्यावरून नवा चित्रपटही आला. त्या दिग्दर्शकाला गुरुजींच्या ४२ रात्रींकडे थेट जाता येत होते. आचार्य अत्र्यांच्या पटकथेकडे आणि संवादांकडे मात्र नव्हे. १९५३ च्या चित्रपटावरील हक्काची मुदत २०१३ च्या अखेरीस संपली असली, तरी त्याचे लेखक अत्रे यांचा मृत्यू १९६९ चा. त्यांचे शब्द २०२९ च्या अखेरपर्यंत बांधलेले आहेत. ज्या प्रसंगांनी आपल्या मनात 'श्यामची आई' म्हणून घर केले आहे, त्यांतील काय गुरुजींचे आणि काय अत्र्यांचे, याचा शोध घेणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाचा चांगला विषय होऊ शकेल.

अशा लोकप्रिय कृतीला धोका असतो तो निराळाच. हक्क संपला की कृतीची राखण करणारा प्रकाशक उरत नाही. संक्षिप्त, बालसुलभ, सचित्र आवृत्त्या निघतात. त्यांतील ज्या आवृत्तीवर 'संक्षेप' हा शब्द आणि संक्षेपकाचे नाव नसते, ती मूळ पुस्तक म्हणूनच हातात पडते. कोकणातील बोलीचे शब्द, व्रतवैकल्यांचे तपशील, कर्जबाजारीपणाची वर्णने ही वाचकाला जड जातील म्हणून गाळली, तर उरते ते केवळ मातृप्रेमाचे सुभाषित. पालगडच्या एका उतरत्या खोताच्या घरातील आर्थिक कोसळण आणि तीत टिकवून धरलेले संस्कार, हा गुरुजींच्या पुस्तकाचा गाभा त्यातून निसटतो. कोणीही मूळ नष्ट केलेले नसते. तरी नवा वाचक मूळापर्यंत पोहोचत नाही. मुक्त झाल्याच्या क्षणीच कृती हरवू शकते, ती अशी.

कायद्याने या बाजूची थोडी दखल घेतली आहे. अधिनियमाच्या ५७ व्या कलमानुसार कर्तृत्वावरील दावा आणि कृतीच्या विकृतीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार हे आर्थिक हक्कांहून निराळे आहेत आणि लेखकाचे कायदेशीर प्रतिनिधी ते बजावू शकतात. १९९४ च्या दुरुस्तीने हरकतीचा अधिकार स्वामित्वाच्या मुदतीतील कृत्यांपुरता मर्यादित केला होता. २०१२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा सांगणारे शब्द काढून टाकले. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या बदलाविरुद्धची तक्रार त्यामुळे मुदतीनंतरही संभवते. या तरतुदीकडे सावधपणे पाहावे लागेल. तिने अनाम छाटाछाटीला आळा बसला तर हितच आहे. परंतु तिचाच आधार घेऊन वारसांना न रुचणारे प्रत्येक नवे अर्थनिर्णयन 'विकृती' ठरवले जाऊ लागले, तर 'बेगम बर्वे'सारखी नाटके लिहिणेच अवघड होईल. एकनाथांचा निकष येथेही उपयोगी पडतो. मूळाचे नाव लावून मूळ बदलणे ही विकृती. स्वतःचे नाव लावून मूळाला प्रश्न विचारणे ही निर्मिती.

(७)

वरील विवेचनातून अभ्यासक आणि अध्यापक यांच्यापुरते तीन निष्कर्ष निघतात.

पहिला, कोणत्याही जुन्या कृतीचा वापर करण्यापूर्वी तिचे थर निश्चित करावेत. शब्द कोणाचे, चाल कोणाची, भाषांतर कोणाचे, प्रथम प्रकाशन केव्हाचे, या प्रश्नांची उत्तरे कायद्यासाठी लागतात तितकीच अर्थनिर्णयनासाठीही लागतात. कालिदास सर्वांचा असला तरी त्याचे हयात भाषांतरकाराने केलेले मराठी भाषांतर सर्वांचे नसते.

दुसरा, मुक्त झालेल्या कृतीची विश्वसनीय संहिता सिद्ध करणे हे विद्यापीठीय मराठी विभागांचे काम आहे. प्राचीन साहित्यासाठी आपल्याकडे पाठचिकित्सेची परंपरा आहे. आधुनिक गद्यासाठी, नाटकासाठी ती जवळजवळ नाही. बा. सी. मर्ढेकरांची कविता २०१७ च्या आरंभापासून मोकळी आहे. हरिभाऊ, केशवसुत, गडकरी तर कधीचेच मोकळे आहेत. प्रथमावृत्तीशी ताडून पाहिलेल्या, पाठभेद नोंदवलेल्या, संपादकाचे नाव असलेल्या आवृत्त्या वर्गात हाती असतील, तरच विद्यार्थी रूपांतराची तुलना कशाशी करायची हे जाणू शकेल.

तिसरा, पुनर्निर्मितीकडे दुय्यम दर्जाचे लेखन म्हणून पाहण्याची सवय सोडावी. 'संशयकल्लोळ'चे मोठेपण ते मोलियेरपासून किती दूर गेले यात नाही आणि किती जवळ राहिले यातही नाही; तसबीर तीच ठेवून देवलांनी तिच्यात आपल्या समाजाचा चेहरा दाखवला यात आहे. पण हे ओळखायला मूळची तसबीर आधी जपून ठेवलेली असावी लागते. मुदत संपल्यावर ती जपण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नाही. म्हणूनच ती आपल्यावर येते.